घरातली जुनी पोस्टकार्डं आणि प्रवासातली नवी: जमवायची, वाचायची आणि वाटायची कशी

पोस्टकार्डांच्या संग्रहाचा विषय निघाला की बोलणं चटकन चित्रांवर जातं. कुणाकडे स्वित्झर्लंडचे डोंगर असतात, कुणाकडे जुन्या मुंबईचा काळा घोडा. आपल्या घरांत सापडणाऱ्या बहुतेक कार्डांवर मात्र चित्रच नसतं. पिवळट जाड कागद, एका अंगाला पत्ता, दुसऱ्या अंगाला कडेपर्यंत खच्चून भरलेला मजकूर, आणि जागा संपली म्हणून समासात आडवं लिहिलेलं ‘बाळाचा खोकला बरा आहे’. कोणी, कोणाला, कुठून आणि केव्हा लिहिलं, हे त्या कार्डाला जोडलेलं असेल तर तो घराण्याचा दस्तऐवज होतो. ते तुटलं की कार्ड रद्दीत जातं, मग चित्र कितीही देखणं असो. पुढची सगळी पद्धत या एका गोष्टीसाठी आहे. ती घरच्या कार्डांना लागू आहे आणि तुम्ही उद्या सहलीहून पाठवाल त्यालाही.

कार्डं शोधायची कुठे

आपल्या घरात सापडतात ती कार्डं दुसऱ्यांनी आपल्या माणसांना लिहिलेली असतात. आपल्या आजोबांचं अक्षर हवं असेल तर ते आपल्या माळ्यावर मिळायचं नाही. ते आत्याच्या सासरी, आजोळी, आजोबांच्या मित्राच्या घरी असणार. म्हणून ट्रंक उघडण्याच्या आधी एक यादी करा: या घरातून कोणाकोणाला नेमानं पत्रं जात होती? लग्न होऊन गेलेल्या मुली, मुंबईत नोकरीला गेलेला भाऊ, गावी मागे राहिलेले वडील, कुळाचे उपाध्ये, शेत कसणारा माणूस. त्या घरांना फोन करा. ‘जुनी पत्रं आहेत का’ असं विचारलं की ‘नाहीत हो’ असं उत्तर येतं. ‘आजीच्या पेटीत काय काय आहे’ असं विचारलं की पेटी उघडली जाते.

घरातही नेहमीच्या जागांपलीकडे पाहा. देवघराचा खण, जमाखर्चाच्या वह्या, पोथ्यांच्या बासनात खूण म्हणून घातलेली कार्डं, कॅलेंडरच्या मागे खोचलेली. पूर्वी आलेली पत्रं भिंतीवरच्या आकड्याच्या तारेत ओवून ठेवायची रीत होती. त्यामुळे कितीतरी कार्डांना मधोमध एक गंजकट भोक असतं. त्याला खराबी समजू नका. एकाच मापाची भोकं असलेली कार्डं एका तारेवरची, म्हणजे एका घरात आणि साधारण एका काळात आलेली. तार अजून शाबूत असेल तर कार्डं काढण्याआधी तिचा फोटो घ्या. सर्वांत खाली सगळ्यांत जुनं असा तो क्रम असतो, आणि तो एकदा मोडला की परत लावता येत नाही. दोरीनं बांधलेल्या गठ्ठ्यांचंही तसंच. कोणता गठ्ठा कुठे सापडला ते चिठ्ठीवर लिहून गठ्ठ्यासोबत ठेवा आणि दोन गठ्ठे एकमेकांत मिसळू नका.

काही कार्डं सापडणारच नाहीत, त्याचं कारणही माहीत असू द्या. मृत्यूची बातमी कळवणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे. असं कार्ड घरात ठेवत नसत, वाचून लगेच फाडून टाकत. त्यामुळे घरच्या पत्रव्यवहारात मृत्यू बहुधा थेट दिसत नाही, तो दुसऱ्या खुणांवरून ताडावा लागतो. त्या खुणा पुढे येतीलच.

हात लावताना

हात धुऊन कोरडे करा. टेबलावर स्वच्छ सुती कापड अंथरा. धूळ मऊ ब्रशनं मधून कडेकडे झटका. पाणी, ओला बोळा, खोडरबर यांतलं काहीही नको. जुन्या कार्डांवरचा जांभळट मजकूर बऱ्याचदा कॉपिंग पेन्सिलीचा असतो. कोरडी असताना ती साध्या पेन्सिलीसारखी करडी दिसते, पण ओलावा लागताच गडद जांभळी होऊन पसरते. एका थेंबानं अख्खी ओळ जाते. एखाद्या कार्डावर मध्येच एखादा शब्द जांभळा झालेला दिसला तर ती पेन्सिल हीच, असं समजा आणि ते कार्ड पावसाळी हवेत बाहेर काढूच नका.

फाटलेल्या कार्डाला सेलोटेप लावायची नाही. काही वर्षांत टेप सुटते, डिंक कागदात मुरून तपकिरी डाग कायम राहतो. दोन तुकडे असतील तर ते एकाच पाकिटात शेजारी शेजारी ठेवा. तिकीट सुटं करून घ्यायचा मोह तर अजिबात नको. तिकिटावर अर्धा आणि कार्डावर अर्धा उमटलेला शिक्का हाच त्या कार्डाच्या जन्माचा दाखला असतो. लॅमिनेशनही नको, ते परत काढता येत नाही.

तारीख ठरवणं

इथे घाई करू नका, कारण बाकीचं सगळं या एका गोष्टीवर उभं राहतं.

पहिला पुरावा शिक्क्याचा. जुन्या कार्डांवर पाठवलेल्या आणि पोचलेल्या अशा दोन्ही टपाल कार्यालयांचे शिक्के असतात. दोन्हींच्या तारखा मिळाल्या की पत्राला किती दिवस लागले तेही कळतं. शिक्का पुसट असेल तर मोबाइलच्या बॅटरीचा उजेड बाजूनं, कागदाला जवळजवळ समांतर टाका आणि फोटो काढून तो कृष्णधवल करून पाहा. डोळ्यांना न दिसणारे अंक पुष्कळदा उमटतात. शिक्क्यात ‘आर. एम. एस.’ अशी इंग्रजी अक्षरं असतील तर कार्ड रेल्वेच्या टपालडब्यातून गेलं. ‘एफ. पी. ओ.’ आणि नुसता क्रमांक असेल तर ते सैन्याच्या फिल्ड पोस्ट ऑफिसातून आलं. सोबत सेन्सॉरचा शिक्का असला तर बहुधा युद्धकाळ. कोकणातल्या आणि साताऱ्याकडच्या कितीतरी घरांतले पुरुष दोन्ही महायुद्धांत पलटणीत होते. अशा कार्डावर गावाचं नाव नसतं, आणि आपला माणूस तेव्हा कुठे होता ते त्या क्रमांकावरून शोधावं लागतं.

दुसरा पुरावा छापील तिकिटाचा. जगातलं पहिलं पोस्टकार्ड ऑस्ट्रिया-हंगेरीत १ ऑक्टोबर १८६९ रोजी निघालं. हिंदुस्थानात ते १ जुलै १८७९ रोजी आलं, किंमत पाव आणा. पाव आण्याचा हा दर १९२२ पर्यंत टिकला, मग अर्धा आणा झाला, पुढे पाऊण आणा म्हणजे ९ पैही झाला. राणीचा मुखवटा असेल तर कार्ड व्हिक्टोरियाच्या काळात छापलेलं. ती १९०१ मध्ये वारली. त्यानंतर सातवा एडवर्ड १९१० पर्यंत, पाचवा जॉर्ज जानेवारी १९३६ पर्यंत आणि मग सहावा जॉर्ज. अर्थात नवा राजा आला म्हणून जुनी कार्डं कोणी फेकून देत नव्हतं, ती संपेपर्यंत वापरली जात. त्यामुळे मुखवट्यावरून ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच म्हणता येतं. स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५१ रोजी गांधीजींची चित्रं असलेली कार्डं निघाली. ती तुमच्या गठ्ठ्यात असतील तर वेगळी नीट ठेवा, संग्राहकांना ती हवी असतात. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली आणि ‘नये पैसे’ हा शब्द १९६४ पर्यंत चालला. म्हणून कार्डावर किंमत नये पैशांत छापलेली असेल तर छपाई या सात वर्षांतली.

तिसरा पुरावा पत्त्याचा. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. ही पद्धत आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्याकडचेच, टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतातले कवी. सहा आकडी पिन असेल तर कार्ड त्यानंतरचं. पण ‘मुंबई ४’ किंवा ‘पुणे ३०’ असं लिहिलेलं पाहून गोंधळू नका. ते शहरातल्या विभागांचे आधीचे क्रमांक, आणि तेच पुढे पिनच्या शेवटी आले: मुंबई ४ म्हणजे गिरगावचं ४००००४, पुणे ३० म्हणजे ४११०३०. जिल्ह्यांची नावंही बोलतात. ‘जि. कुलाबा’ लिहिलेलं कार्ड साधारण १९८१ पूर्वीचं, कारण मग तो रायगड झाला. कणकवली किंवा सावंतवाडीच्या पुढे ‘जि. रत्नागिरी’ असेल तर तेही १ मे १९८१ पूर्वीचं, तेव्हा सिंधुदुर्ग वेगळा झाला. ‘दक्षिण सातारा’ म्हणजे आजचा सांगली जिल्हा, १९४९ ते १९६० या काळातलं नाव. लातूर जिल्हा १९८२ चा, त्याआधी पत्त्यात उस्मानाबाद. लोक सवयीनं जुनं नाव पुढेही लिहीत राहतात, म्हणून एकट्या पत्त्यावर विसंबू नका.

मराठवाड्यातल्या घरांत निजामाच्या टपालाची कार्डं मिळतील, ते टपाल १९५० पर्यंत वेगळं होतं. त्यांवर किंवा त्यांतल्या मजकुरात फसली सन, म्हणजे तिथलं महसुली साल, दिसला तर त्यात महिन्याप्रमाणे ५९० किंवा ५९१ मिळवा. गोव्यातल्या घरांत डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज भारताची तिकिटं. ग्वाल्हेरच्या मराठी घरांतल्या ब्रिटिश टपालाच्या कागदांवर वरून ‘ग्वालियर’ असं छापलेलं आढळेल.

चौथा पुरावा मजकुरातल्या मितीचा. ‘फाल्गुन शु. ५ शके १८५२’ असं असेल तर शकात ७८ मिळवा. मात्र १ जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या मितीला ७९ मिळवायचे. म्हणून हे कार्ड १९३१ सालचं. ‘शु.’ म्हणजे शुद्ध, ‘व.’ किंवा ‘व॥’ म्हणजे वद्य. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो. उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे इंदूर किंवा काशीहून आलेल्या पत्रात वद्य पक्षाची मिती असेल तर लिहिणाऱ्यानं कुठला महिना धरला ते शिक्क्याशी ताडून बघा.

वाचन, आणि जिवंत माणसांची साक्ष

कार्डं १९५० च्या आधीची असतील तर काही मोडी लिपीत असणार. मोडी शिकायला वाटते तितकी अवघड नाही. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ ही १९१० पासूनची संस्था आहे, अशा कागदांची तिथे दीर्घ परंपरा आहे. मोडीचे वर्ग राज्यात ठिकठिकाणी भरतात. घरात एकानं शिकावं असं मला मनापासून वाटतं. पैसे देऊन लिप्यंतर करून घेता येतं, पण घरच्या माणसाला नावं, गावं, टोपणनावं आधीच माहीत असतात आणि जिथे बाहेरचा जाणकार अडतो तिथे तो सहज वाचतो.

देवनागरीत असलेली कार्डंही नव्या पिढीला वाचता येत नाहीत, ती संक्षेपांमुळे. ‘ती.’ तीर्थरूप, ‘चि.’ चिरंजीव, ‘रा. रा.’ राजमान्य राजश्री, ‘वे. शा. सं.’ वेदशास्त्रसंपन्न, ‘सा. न. वि. वि.’ साष्टांग नमस्कार विनंती विशेष, ‘शि. सा. न.’ शिरसाष्टांग नमस्कार, ‘अ. आ.’ अनेक आशीर्वाद, ‘क. लो. अ. ही वि.’ कळावे लोभ असावा ही विनंती. रकमांच्या पुढच्या दंडांकडेही लक्ष द्या: ‘५।’ सव्वापाच, ‘५॥’ साडेपाच, ‘५॥।’ पावणेसहा.

हे मायने नुसते सोपस्कार नव्हेत, त्यांत कुटुंबाचा इतिहास आहे. कार्डं तारखेनं लावा आणि एकाच स्त्रीच्या नावाआधी काय येतं ते ओळीनं पाहत जा. आधी ‘चि.’, मग लग्न ठरल्यावर ‘चि. सौ. कां.’, नंतर बरीच वर्षं ‘सौ.’, आणि मग एका कार्डापासून ‘गं. भा.’, म्हणजे गंगाभागीरथी, विधवेच्या नावाआधी लिहायचा मायना. कोपरा फाटलेलं कार्ड घरात ठेवलेलं नसलं तरी त्या घरातला पुरुष कोणत्या दोन तारखांच्या मध्ये गेला ते इथे कळतं. वंशावळ लावणाऱ्यांनी या एका गोष्टीसाठी तरी पत्त्याची बाजू बारकाईनं वाचावी. ‘मार्फत’ हा शब्दही तसाच. ‘मार्फत’च्या पुढचं नाव बदललं की माणसानं खोली बदलली, किंवा नोकरी.

मजकूर जसा आहे तसाच उतरवा. ऱ्हस्वदीर्घ सुधारू नका, ‘व्हती’चं ‘होती’ करू नका. न लागलेल्या शब्दाच्या जागी चौकोनी कंसात प्रश्नचिन्ह ठेवा. संक्षेप सोडवायचे तर मूळ उतारा तसाच ठेवून खाली वेगळा परिच्छेद करा.

आता या कामातली सर्वांत निकडीची गोष्ट. घरात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर स्कॅनिंग, पाकिटं, तक्ते सगळं बाजूला ठेवा आणि आधी त्यांच्याजवळ बसा. कार्डं मोठ्यानं वाचून दाखवा आणि फोनवर ध्वनिमुद्रण चालू ठेवा. ‘ठकी म्हणजे कोण?’ ‘तांबड्याला विकलं म्हणजे बैल का?’ ‘मळ्यातल्या घराचा दावा कुणाशी चालला होता?’ ही उत्तरं कुठल्याच दप्तरखान्यात नाहीत. एका बैठकीत फार कार्डं घेऊ नका, म्हातारी माणसं दमतात. शिवाय एखाद्या कार्डानं डोळ्यांत पाणी येतं, त्याला वेळ द्यावा लागतो. बोलणं सुरू करताना कार्डाचा क्रमांक आणि तारीख तुम्ही मोठ्यानं उच्चारा, म्हणजे नंतर ध्वनिफीत आणि कार्ड यांची जोडी लागते.

चित्रकार्डं आणि फोटोकार्डं

घरच्या अल्बममधले जुने फोटो एकदा उलटून पाहा. कितींच्या तरी मागे मधोमध रेघ आणि इंग्रजीत ‘पोस्ट कार्ड’ असं छापलेलं असतं. स्टुडिओवाले फोटो पोस्टकार्डाच्या कागदावर छापून देत, म्हणजे तो टपालानं पाठवता येई. सोयरिकीसाठी मुलीचा फोटो असाच जायचा. मागे स्टुडिओचं नाव, गाव आणि तिकिटाच्या चौकटीत कागद बनवणाऱ्या कंपनीचं नाव असतं. या तिन्हींची नोंद करा.

छापील चित्रकार्डांत मागच्या बाजूला मधली रेघ नसेल, अख्खी बाजू पत्त्यासाठीच असेल आणि मजकूर चित्राखालच्या रिकाम्या पट्टीत दाटीनं लिहिलेला असेल, तर ते बहुधा विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं किंवा त्याआधीचं. मागची बाजू दुभागायला ब्रिटनने १९०२ मध्ये परवानगी दिली, बाकीचे देश पुढच्या चार-पाच वर्षांत आले. आपल्याकडची सुंदर कार्डं याच काळातली. रविवर्मा प्रेस १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, त्याचीही कार्डं आहेत. कोल्हापुरात जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी मुंबईच्या रस्त्यावरची माणसं कार्डांसाठी चितारली. त्या काळच्या नेसण्याच्या, पगड्यांच्या, धंद्यांच्या तऱ्हा त्यांत दिसतात. अशी कार्डं विकत घ्यायची तर पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोरबाजार आहेच. घेताना भिंगातून बघा: नुसते सारख्या अंतराचे बारीक ठिपके आणि कागद गुळगुळीत पांढरा असेल तर ती अलीकडची नक्कल असू शकते. लिहिलेलं आणि टपालातून गेलेलं कार्ड घ्या, कोरं नको, असं माझं मत. दर्दी कोऱ्याला जास्त पैसे देतात, देऊ द्यात.

स्कॅन, नाव आणि तक्ता

सपाट काचेचा स्कॅनर वापरा, ६०० डीपीआय ठेवा, दोन्ही बाजू रंगीत घ्या. कृष्णधवल घेतलं तर शाईचा रंग जातो आणि त्याबरोबर दोन वेगळ्या हातांचं लिखाण ओळखायची खूणही. पलीकडचा मजकूर उमटत असेल तर कार्डामागे काळा कागद ठेवा. आपोआप उजळ करणारी सगळी बटणं बंद. मूळ प्रत टिफ स्वरूपात ठेवा आणि लोकांना पाठवायला जेपीजी काढा. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या जागी, फोन कार्डाला अगदी समांतर धरून फोटो घ्या. फ्लॅश वापरू नका.

फाइलचं नाव तारखेनं सुरू करा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादी आपोआप क्रमात लागते. उदाहरणार्थ ‘१९३१-०२-२२_वाई_गिरगाव_अ’ आणि मागच्या बाजूला ‘ब’. तारीख अंदाजे असेल तर तसं नावातच लिहा. तक्त्यात रकाने थोडेच ठेवा: क्रमांक, तारीख, ती कशावरून ठरवली, पाठवणारा, घेणारा, दोघांचं नातं, दोन्ही गावं, मजकुराचा सारांश, मूळ कार्ड सध्या कोणाकडे. ‘कशावरून ठरवली’ हा रकाना लोक गाळतात. दहा वर्षांनी शंका आली की सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. प्रती तीन ठेवा, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे.

मूळ कार्डावर क्रमांक घालायचाच असेल तर मऊ पेन्सिलीनं, कोपऱ्यात, हलक्या हातानं. पेन नको.

पावसाळा आणि कसर

आपल्या हवेत कागदाचा पहिला शत्रू दमटपणा. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं घ्या. उघडताच उग्र वास मारणारं पीव्हीसी नको, ते कागदाला चिकटतं. चिकट पानांचे अल्बमही नकोत. पाकिटं आम्लविरहित पुठ्ठ्याच्या डब्यात उभी ठेवा, फार कोंबू नका. डबा बाहेरच्या भिंतीला लागून नको, जमिनीवर नको, माळ्यावरही नको. सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यात बदलत राहा. कसर आणि वाळवीसाठी पूर्वी पोथ्यांत वेखंड ठेवत, तेही मलमलीच्या पुरचुंडीत चालेल, फक्त कार्डाला थेट लागू देऊ नका. दसऱ्याच्या आसपास हवा कोरडी झाली की डबा उघडून सावलीत वारा द्या. उन्हात मात्र वाळवू नका.

प्रवासातली नवी कार्डं

पुढच्या पिढीला सापडावं असं काही आपणही लिहायला हवं. साधं पोस्टकार्ड आजही ५० पैशांत मिळतं. चित्रकार्डं मोठ्या वस्तुसंग्रहालयांच्या दुकानांत, किल्ल्यांच्या आणि लेण्यांच्या पायथ्याशी मिळतात. नाही मिळाली तर स्वतः काढलेला फोटो जाड कागदावर १४ बाय ९ सेंटिमीटर मापात छापून घ्या, मागे मधोमध रेघ मारा, उजवीकडे पत्ता आणि तिकीट. चकचकीत थर फक्त चित्राच्या बाजूला असू द्या, मागे असेल तर शाई फिसकटते आणि शिक्काही नीट बसत नाही. खासगी कार्डाला आणि परदेशी टपालाला किती तिकीट लागतं ते खिडकीवर विचारून लावा.

कार्ड पेटीत टाकण्याऐवजी खिडकीवर द्या आणि शिक्का हातानं, स्पष्ट मारून द्यायची विनंती करा. बहुतेक ठिकाणी आनंदानं मारून देतात. काही पर्यटनस्थळांच्या टपाल कार्यालयांत चित्र असलेला खास शिक्का असतो, तोही मागा. हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात हिक्किम गावी १९८३ पासून टपाल कार्यालय आहे, समुद्रसपाटीपासून ४,४०० मीटरहून उंचावर. तिथून घरी कार्ड टाकायला लोक मुद्दाम वाट वाकडी करतात. मुंबईत असाल तर १९१३ मध्ये पूर्ण झालेल्या जीपीओच्या घुमटाखालून, विजापूरच्या गोलघुमटाची आठवण देणाऱ्या त्या इमारतीतून, एक कार्ड स्वतःच्याच पत्त्यावर पाठवा. परदेशातून पाठवताना आपला पत्ता इंग्रजीत, पिन कोडसह, आणि शेवटच्या ओळीत देशाचं नाव ठळक.

लिहायचं काय? ‘इथे खूप छान आहे’ हे चित्रच सांगतं. तुम्ही काय खाल्लं आणि त्याचे किती पैसे पडले, गाडी किती उशिरा आली, शेजारच्या बाकावरची बाई काय म्हणाली, आईला गुडघ्यामुळे किती पायऱ्या चढता आल्या ते लिहा. जुन्या कार्डांत आपल्याला आज नेमकं हेच वाचावंसं वाटतं: पाऊस किती झाला, म्हैस व्याली का, तांदूळ काय भावानं. पूर्ण तारीख सालासकट घाला, पूर्ण नाव लिहा, ‘तुझाच मी’ एवढ्यावर थांबू नका. न पुसणारी शाई वापरा. मुलांना एक ओळ तरी त्यांच्या अक्षरात लिहू द्या. अनोळखी देशांतली कार्डं हवी असतील तर पाउलो मागाल्याइश या पोर्तुगीज तरुणानं २००५ मध्ये सुरू केलेलं पोस्टक्रॉसिंग आहे. तुम्ही एक पाठवलं की जगातून कुठूनतरी एक तुम्हाला येतं.

वाटताना

कार्ड म्हणजे उघडं पत्र, पोस्टमनही वाचू शकेल असं. म्हणून लोक त्यात फार खासगी लिहीत नसत असा समज आहे. प्रत्यक्षात कर्ज, हुंडा, मुलीत काढलेली खोट, कुणाचं आजारपण, भाऊबंदकी, सगळं येतं, कारण लिफाफ्याला जास्त पैसे पडत. ज्यांचं नाव आलं त्यांची मुलं, नातवंडं आज आहेत. आधी त्यांना दाखवा, मग इतरांना. हयात व्यक्तीचा पत्ता, आजार किंवा सोयरिकीचा मजकूर असेल तर झाका किंवा सरळ बाजूला ठेवा.

कायदाही ध्यानात घ्या. कार्ड तुमच्या हातात आहे म्हणून मजकुराचा कॉपीराइट तुमचा होत नाही. तो लिहिणाऱ्याचा आणि नंतर त्याच्या वारसांचा. भारतात साधारणपणे हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं तो टिकतो, आणि आधी कधी न छापलेल्या लिखाणाचे नियम आणखी वेगळे आहेत. पुस्तक काढायचं असेल तर वारसांची लेखी संमती घ्या. घरच्यांपुरती पुस्तिका करतानाही सगळ्या भावंडांना विचारणं बरं, नाहीतर पुस्तिकेवरून नवी भाऊबंदकी सुरू होते.

व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं स्कॅन बारीक होऊन जातं आणि शिक्का वाचता येत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. रोज एकच कार्ड टाका, दोन्ही बाजू, खाली उतारा आणि एक नेमका प्रश्न: ‘यातला भाऊसाहेब कोणता?’ एकदम पन्नास पाठवली तर कोणी बघत नाही. एक पाठवलं की अमेरिकेतला चुलतभाऊ, इंदूरची मावशी, गावाकडचा पुतण्या सगळे बोलू लागतात. मग त्यांतल्याच कुणाच्यातरी पेटीतून तुमच्या आजोबांचं अक्षर बाहेर येतं. आलेली उत्तरं त्याच दिवशी तक्त्यात चढवा, नाव आणि तारीख घालून. ग्रुपमधलं बोलणं आठवड्यात वर सरकून हरवतं.

मूळ कार्डं टपालानं फिरवू नका. द्यायचीच झाली तर हातोहात द्या, किंवा पोच मिळेल अशा रीतीनं पाठवा. २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये सामावलं आहे, तेव्हा खिडकीवर तसं सांगून नोंदणीसह पाठवा. कुटुंबात ती सांभाळणारं कोणी नसेल तर सगळा गठ्ठा एकत्र, तक्ता आणि ध्वनिमुद्रणासकट, जवळच्या संशोधन संस्थेला किंवा ग्रंथालयाला द्यायचं बोलणं आत्ताच करा. देण्याच्या पत्रात लिहा की संच फोडायचा नाही आणि घरच्यांना प्रती मिळतील. संस्थेची सही असलेली पोच घ्या आणि तिचाही स्कॅन तक्त्याशेजारी ठेवा.